बदललेला चेहरा आणि वकिलाचा धर्म

रहस्यकथा वाचतो असे उघडपणे सांगण्यास आपल्याकडील सुशिक्षित मनुष्य नेहमीच संकोचत आला आहे. ज्ञानेश्वरी देव्हाऱ्यापाशी, कादंबरी कपाटात आणि रहस्यकथा उशीखाली, अशी पुस्तकांची उतरंड आपल्या घरांतून दीर्घकाळ नांदली. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांचे झुंझार व काळापहाड हे नायक महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतही घरोघरी ठाऊक झाले. हैदराबादेत या वाचनाला दुसरेही ओघ येऊन मिळाले. १९५२ पासून अलाहाबादेहून निघू लागलेल्या इब्ने सफींच्या 'जासूसी दुनिया'तील कथा वाचण्यासाठी येथील जुन्या पिढीच्या मराठी गृहस्थांस भाषांतराची गरज नव्हती. त्यांचे शालेय शिक्षणच उर्दूतून झालेले होते. तिसरा ओघ इंग्रजीचा. आबिड्सच्या पदपथावर रविवारी जुन्या पुस्तकांचा जो बाजार भरतो, त्यात पिवळ्या पडलेल्या पानांच्या पेरी मेसनच्या कादंबऱ्या आजही हाती लागतात. या तिसऱ्या ओघातील एका कादंबरीचा विचार येथे करावयाचा आहे. अर्ल स्टॅन्ले गार्डनर यांची 'द केस ऑफ द सब्स्टिट्यूट फेस' ही ती कादंबरी. ती १९३८ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यातील मूळ घटना भर समुद्रात, एका प्रवासी जहाजावर घडते.

प्रथम लेखकाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण या कथांचे बळ लेखकाच्या व्यवसायातून आलेले आहे. गार्डनर यांचा जन्म १८८९ चा. ते वकील होते, परंतु कायद्याची पदवी घेऊन झालेले वकील नव्हेत. वकिलांच्या कचेरीत उमेदवारी करून आणि स्वतः अभ्यास करून ते १९११ साली कॅलिफोर्नियात सनद मिळवते झाले. ऑक्सनार्ड व व्हेंचुरा या गावांत त्यांनी वकिली केली आणि तेथील गरीब चिनी रहिवाशांची बाजू मांडणारा वकील म्हणून त्यांचा लौकिक झाला. दिवसा न्यायालय आणि रात्री मासिकांसाठी कथालेखन असा त्यांचा क्रम होता. १९३३ साली पेरी मेसनची पहिली कादंबरी निघाली आणि त्यानंतर मेसनच्या ऐंशीहून अधिक कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या, किंबहुना सांगितल्या. कारण ते लेखनिकांस तोंडी मजकूर सांगत असत. १९५७ ते १९६६ या काळात अमेरिकन दूरचित्रवाणीवर ही मालिका चालली. १९७० साली गार्डनर निवर्तले. इतक्या वेगाने सांगितलेल्या गद्यात भाषेचे सौष्ठव शोधू नये. वर्णन थोडके, संवाद भरपूर आणि पात्रांची अंतःकरणे जेमतेम उघडलेली, असा हा सारा कारभार आहे. तथापि साक्षीदाराला प्रश्न विचारण्याची वेळ आली की हेच गद्य एकदम सजीव होते. ज्याने आयुष्याचा उमेदीचा काळ न्यायालयात काढला, त्याचा हात तेथे दिसतो.

आता कथा. मेसन व त्याची सचिव डेला स्ट्रीट सुटी संपवून होनोलुलूहून सॅन फ्रान्सिस्कोला जहाजाने परतत आहेत. त्याच जहाजावर न्यूबेरी नावाचे एक कुटुंब आहे. या कुटुंबातील बाई मेसनला एकांतात गाठते आणि आपली व्यथा सांगते. पतीचे खरे नाव मोअर. तो एका कंपनीत हिशेबाच्या कामावर होता. एकाएकी त्याने नोकरी सोडली, नाव बदलले आणि त्याच्या हाती पैसा खेळू लागला. पैसा सोडतीत मिळाला, असे तो सांगतो. बाईचा त्यावर विश्वास बसत नाही. स्वतःची तिला फारशी चिंता नाही. तिची मुलगी बेल वयात आलेली आहे, जहाजावर एका सधन घराण्यातील तरुणाशी तिचा स्नेह जुळू लागला आहे, आणि ज्या कंपनीत पती नोकरीस होता तिचाच प्रमुख आपल्या मुलीसह याच जहाजावर आहे. उद्या बोभाटा झाला तर बेलच्या आयुष्याचे काय, एवढीच या आईची काळजी. अशातच एक विलक्षण गोष्ट उघडकीस येते. सामानात ठेवलेल्या तसबिरीच्या चौकटीतून बेलचे छायाचित्र कोणी तरी काढून घेतले आहे आणि त्या जागी तिच्यासारख्या दिसणाऱ्या एका चित्रपट-अभिनेत्रीचे छायाचित्र बसविले आहे. कादंबरीचे नाव या बदललेल्या चेहऱ्यावरून आले आहे. पुढे वादळाची रात्र येते. बंदुकीचा आवाज होतो, माणूस समुद्रात पडल्याची हाकाटी होते, जहाज शोध घेते, परंतु त्या काळोखात मोअर सापडत नाही. संशय येतो तो त्याच्या पत्नीवर. याहून अधिक सांगणे हा वाचकावर अन्याय होईल. रहस्यकथेच्या परीक्षणकर्त्याने शेवट झाकून ठेवणे हा त्याचा शिष्टाचारच आहे.

या रचनेतील पहिला गुण नोंदविला पाहिजे तो स्थळाच्या निवडीचा. रहस्यकथेला एक बंदिस्त जागा लागते, जेथून कोणी जाऊ शकत नाही व जेथे कोणी येऊ शकत नाही. जहाज ही अशी जागा आहेच. परंतु गार्डनर यांनी तिचा आणखी एक गुण हेरला आहे. जहाजावर माणसाची ओळख देणारे गाव नसते. आपल्या गावी मनुष्य कोणाचा कोण, हे चार पिढ्यांपासून लोकांस ठाऊक असते. देवळाच्या सभामंडपात उभा राहिला की त्याच्या आजोबांचे नाव सांगणारा कोणी ना कोणी भेटतोच. जहाजावर मात्र प्रवाशांच्या यादीत जे नाव लिहिले तेच नाव, आणि अंगावर जो पोशाख तीच प्रतिष्ठा. मोअरचा न्यूबेरी होतो आणि कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. त्याच जहाजावर मानेला दुखापत झालेला, पट्ट्यांनी जखडलेला एक रुग्ण व त्याची परिचारिका आहे. तोही कोण, हे त्याच्या सांगण्यावरूनच मानावयाचे. छायाचित्रातला चेहरा बदलणे हे या सर्वांचे एक दृश्य रूप आहे. सगळीकडे चेहरे आहेत, आणि चेहऱ्यामागच्या माणसाची ग्वाही देणारा कोणी नाही.

दुसरा गुण रचनेचा. आपल्या हरिकीर्तनात पूर्वरंगी सिद्धांत मांडतात आणि उत्तररंगी आख्यान लावतात. गार्डनर यांची रीत नेमकी याच्या उलट आहे. पूर्वार्धात आख्यान, उत्तरार्धात न्यायालय, आणि तेथे त्या आख्यानातील एकेक वाक्य तपासून पाहणे. त्यामुळे त्यांची कथा वाचताना वाचकाला दोनदा वाचल्याचे समाधान मिळते. पहिल्याने जे पाहिले असे वाटले, ते दुसऱ्याने खरोखर पाहिले होते का, हे त्यास स्वतःलाच विचारावे लागते.

परंतु येथेच या कादंबरीचा पहिला दोषही सांगितला पाहिजे. जहाज बंदराला लागते आणि समुद्र कथेतून जवळजवळ नाहीसा होतो. उरलेली कथा कचेऱ्या, दूरध्वनी, खासगी शोधक पॉल ड्रेक याची माणसे आणि न्यायालय यांच्यात फिरते. ती वेगवान आहे, पण कोणत्याही मेसन-कथेत शोभली असती अशी आहे. वादळाच्या रात्रीचे जे भय पूर्वार्धात उभे केले, त्याचे पुढे केवळ एक मुद्द्याचे टिपण होते. दुसरी उणीव आपल्या किनाऱ्यावरील वाचकाला विशेष जाणवेल. गोव्याच्या असंख्य घरांनी आपले पुत्र बोटींवर धाडले. या तारवटींसाठी मुंबईत गावोगावचे 'कूड' चालत. जहाजाची खरी स्मृती या माणसांपाशी असते. कोणता दरवाजा रात्री उघडा होता, कोणत्या खोलीचा दिवा जळत होता, हे प्रथम त्यांना ठाऊक. गार्डनर यांच्या जहाजावर मात्र प्रवासी आणि अधिकारी यांनाच तोंडे आहेत. राबणारा वर्ग पडद्यामागे राहतो. ज्या कथेचा विषयच 'कोणी काय पाहिले' हा आहे, तिने सर्वांत अधिक पाहणाऱ्यांस बोलू देऊ नये, हे खटकते.

समुद्रप्रवास म्हटला की आपल्या समाजास एक जुना प्रश्न आठवल्याशिवाय राहत नाही. बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवासाची गणना पतनास कारण होणाऱ्या कर्मांत केली आहे, आणि पुढे कलिवर्ज्यांत तिचा पुनरुच्चार झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी कोंकणी भाषिक सारस्वत समाजात विलायतेच्या प्रवासावरून तीव्र वाद झाले, मठांपर्यंत गेले, आणि घराघरांत दुफळी झाली. होनावरचे नारायण गणेश चंदावरकर १८८५ साली हिंदुस्थानची बाजू मांडण्यासाठी इंग्लंडला गेले. ते वकील होते. पुढे १९०० साली राष्ट्रीय सभेच्या लाहोर अधिवेशनाचे अध्यक्ष व १९०१ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. आज त्या वादाची तीव्रता उरलेली नाही. मात्र त्या निषेधाच्या मुळाशी एक भय होते, आणि ते सर्वस्वी पोकळ नव्हते. समुद्रापलीकडे गेलेल्या माणसाच्या आचाराला साक्षीदार नाही. तो काय खाल्ले, कोणाबरोबर राहिला, हे त्याच्याच तोंडून ऐकावयाचे. गार्डनर यांनी हेच भय घेतले आणि त्यावर कथा उभारली. फरक एवढाच की, आपल्या पूर्वजांनी साक्षीदार नाही म्हणून प्रवासच निषिद्ध मानला. हा वकील साक्षीदार नाही म्हणून निर्णय थांबवा, असे म्हणतो. या दोन भूमिकांतील अंतर हाच या पुस्तकाच्या वाचनातून मिळणारा खरा लाभ आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

ते अंतर स्पष्ट होण्यासाठी आपल्याच परंपरेतील एका खटल्याकडे वळावे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'चा नववा अंक हा भारतीय साहित्यातील न्यायसभेचा बहुधा सर्वांत समर्थ प्रवेश होय. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणले, त्यामुळे त्याची कथा मराठी प्रेक्षकास पाठ आहे. तेथेही मूळ अनर्थ अदलाबदलीतूनच घडतो. गाड्यांची गफलत होते. चारुदत्ताची समजून वसंतसेना शकाराच्या गाडीत बसते आणि चारुदत्ताच्या गाडीत तुरुंगातून पळालेला आर्यक चढतो. शकार बागेत वसंतसेनेचा गळा दाबतो, ती मेली असे समजून पाचोळ्याखाली झाकून जातो, आणि न्यायसभेत येऊन चारुदत्तावरच खुनाचा आरोप ठेवतो. मग पुरावा कसा जमत जातो ते पाहण्यासारखे आहे. वसंतसेनेची आई नाइलाजाने सांगते की, मुलगी चारुदत्ताकडे गेली होती. वीरक निराळ्याच तक्रारीसाठी आलेला. तो सांगतो की, त्या गाडीतून वसंतसेना बागेकडे जात असल्याचे त्याला सांगण्यात आले होते. न्यायाधीश त्यालाच बागेत पाठवितात. तो परत येऊन सांगतो की, तेथे श्वापदांनी फाडलेला एका स्त्रीचा देह पडला आहे. शेवटी मैत्रेयाच्या बगलेतून वसंतसेनेचे अलंकार सभेत खाली पडतात. यांतील एकही साक्ष खोटी नाही, एक शकाराची सोडून. आई खरे बोलते, वीरक खरे बोलतो, अलंकारही खरेच तिचे आहेत. आणि या सर्व सत्यांची बेरीज असत्य होते. वसंतसेना जिवंत असते.

गार्डनर यांची कथा आणि शूद्रकाचे नाटक शेजारी ठेवले की एक लक्षात येते. उज्जयिनीत देह आहे, पण तो मेलेल्या म्हटल्या गेलेल्या स्त्रीचा नाही. जहाजावर मेलेला म्हटला गेलेला मनुष्य आहे, पण हाती देह नाही. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच : दिसते त्याच्यावरून किती मानावे? मात्र एक मोठा भेद आहे. शूद्रकाचा न्यायाधीश सज्जन आहे. आपल्या कामाची अवघड जबाबदारी तो जाणतो, चारुदत्ताकडे पाहून त्याचे मन हा आरोप मानावयास तयार होत नाही, आणि शिक्षा सांगतानाही मनूचा आधार देऊन वधाऐवजी हद्दपारी सुचवितो. इतके असूनही राजा पालक वधाची आज्ञा देतो. त्या सभेत उणीव होती ती सद्भावाची नव्हे; प्रश्न विचारणाऱ्याची. वीरकाला कोणी विचारले नाही की, तो देह कोणाचा हे तू कशावरून ठरविलेस? गाडीत तू स्वतः कोणाला पाहिलेस? चारुदत्त स्वतः मौन धरतो, कारण बोलला तर आर्यकाचा घात होईल. मित्र मैत्रेय रागाच्या भरात सर्व बिघडवितो. आरोपीच्या बाजूने उभा राहून थंड डोक्याने दोन प्रश्न करील असा एक मनुष्य तेथे असता, तर दहाव्या अंकातील वधस्तंभ उभा राहिला नसता. वसंतसेना वेळेवर पोहोचली म्हणून चारुदत्त वाचला. ज्यांच्यासाठी कोणी वेळेवर पोहोचत नाही, त्यांचे काय?

मेसन हा त्या रिकाम्या जागेवर उभा असलेला मनुष्य आहे. त्याची उलटतपासणी हे या मालिकेचे हृदय होय. साक्षीदार लबाड आहे असे तो क्वचितच म्हणतो. साक्षीदाराने प्रत्यक्ष काय पाहिले आणि पुढे मनाने त्यात काय भरले, हे तो वेगळे करतो. आपल्या धर्मशास्त्रासही ही दृष्टी अपरिचित नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात राजाला सांगितले आहे की, जखमी हरणाचा माग व्याध जसा रक्ताच्या थेंबांवरून काढतो, तसा न्यायाचा माग अनुमानाने काढावा. उपमा सुंदर आहे आणि तितकीच सावध करणारी आहे. थेंब मधेच तुटले तर व्याध दुसऱ्याच हरणाच्या मागे लागू शकतो. आधुनिक भारतीय न्यायालयांनी हीच सावधगिरी नियमांत बांधली. मृतदेह मिळालाच पाहिजे, अन्यथा खून सिद्ध होत नाही, असा कायदा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली हिमाचल प्रदेशातील एका खटल्यात स्पष्ट केले. परंतु मग बाकीचा पुरावा संशयातीत हवा. आणि १९८४ साली महाराष्ट्रातील एका खटल्यात त्याच न्यायालयाने परिस्थितीजन्य पुराव्याची पाच तत्त्वे घालून दिली. दुवे पूर्णपणे सिद्ध झालेले हवेत, साखळी अखंड हवी, आणि आरोपीच्या निर्दोषत्वाशी जुळणारा दुसरा कोणताही वाजवी अर्थ उरता कामा नये, असा त्यांचा आशय आहे. चारुदत्ताच्या खटल्याला ही कसोटी लावली तर तो पहिल्याच दुव्यावर तुटतो.

येथपर्यंत स्तुती झाली. आता या मालिकेविषयीचा मुख्य आक्षेप. मेसनचा पक्षकार निर्दोष असतो, हे वाचकास पहिल्या पानापासून ठाऊक असते. अपवाद असतील तर विरळा. त्यामुळे मेसन जे करतो ते सर्व आपल्याला योग्य वाटू लागते. तो पुराव्याची मांडणी हलवितो, पोलिसांस चकवितो, साक्षीदारांस कोड्यात टाकतो, नियमांच्या कडेकडेने चालतो. आणि शेवटी खरा अपराधी सापडला की सारे धुऊन निघते. फळ गोड निघाले म्हणून साधनाची चौकशी करू नये, ही वृत्ती नीतिदृष्ट्या उथळ आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वकिलाच्या धर्माची खरी कसोटी या कथांत कधी लागतच नाही. निर्दोष माणसाचा पक्ष घेण्यास धैर्य लागते, हे मान्य. परंतु दोषी वाटणाऱ्या माणसाचा पक्ष घेण्यास श्रद्धा लागते. भारतीय वकील परिषदेच्या आचारनियमांत स्पष्ट म्हटले आहे की, आरोपीच्या दोषाविषयी स्वतःचे मत काहीही असो, वकिलाने त्याचा बचाव केला पाहिजे. ही आज्ञा मेसनच्या जगात निरर्थक ठरते, कारण तेथे वकिलाला सत्य आधीच उमगलेले असते. खऱ्या वकिलाला ते उमगलेले नसते, आणि म्हणूनच त्याचे काम मेसनच्या कामाहून कठीण व थोर आहे.

न्याय्यतेसाठी हेही सांगितले पाहिजे की, लेखक म्हणून जो प्रश्न गार्डनर यांनी टाळला तो मनुष्य म्हणून टाळला नाही. १९४८ साली एका मासिकाच्या साहाय्याने त्यांनी 'कोर्ट ऑफ लास्ट रिसॉर्ट' हा उपक्रम सुरू केला. चुकीने शिक्षा झाल्याचा संभव असलेल्या कैद्यांची प्रकरणे तज्ज्ञांकडून पुन्हा तपासून घेणे, हे त्याचे काम. तेथे शेवटचे प्रकरण लेखकाच्या हाती नव्हते. कोण निर्दोष, हे आधी ठाऊक नव्हते. त्या उपक्रमात घालविलेला काळ त्यांच्या कित्येक कादंबऱ्यांहून मोलाचा, असे म्हणावयास हरकत नाही.

डेला स्ट्रीटविषयी दोन शब्द. अविवाहित मालक व त्याची सचिव एकत्र प्रवास करतात, हे जुन्या वळणाच्या वाचकास रुचणार नाही. परंतु गार्डनर यांनी या संबंधांत मर्यादा राखली आहे, आणि डेलाला बुद्धी व स्वाभिमान दोन्ही दिले आहेत. मालिकेत मेसन तिला एकाहून अधिक वेळा विवाहाविषयी विचारतो आणि ती नकार देते, कारण विवाह झाला की आपले काम सुटेल हे ती जाणते. १९३० नंतरच्या दशकातील लोकप्रिय कादंबरीत ही गोष्ट सामान्य नव्हती.

आता या कादंबरीतील ज्या पात्राचा विसर पडू नये असे वाटते, ते पात्र म्हणजे ती आई. ती वकिलाकडे जाते ती पतीवर सूड घेण्यासाठी नव्हे, तर मुलीचे नाव राखण्यासाठी. आणि पती नाहीसा झाल्यावर तिची हीच चिंता तिच्याविरुद्ध हेतू म्हणून उभी राहते. मुलीची सोयरीक जुळत होती, नवऱ्याचे बिंग फुटले तर ती मोडली असती, म्हणून तिनेच त्याला दूर केले : असा हा तर्क. किती सोपा, किती पटण्याजोगा! हैदराबादेच्या सुलतान बाजारात असो वा गोव्यातील एखाद्या ग्रामदेवतेच्या आवारात, हा तर्क बोलून दाखविणारी माणसे आपल्यालाही भेटलेली आहेत. एखाद्या गृहस्थाविषयी पैशाचा अपहार केल्याची कुजबूज उठते. चौकशी अद्याप व्हावयाची असते. तोवर त्याची पत्नी हळदीकुंकवाला आली तर शेजारच्या बाया सरकून बसतात, मुलीची पत्रिका परत येते, पंगतीत मुलाच्या पानाकडे वाढपी उशिरा वळतो. कोणी खोटे बोललेले नसते. प्रत्येकाने एवढेच सांगितलेले असते की, त्याच्याकडे एकाएकी पैसा आला, त्यांनी घर बदलले, बाई हल्ली गप्प असतात. वीरकाच्या साक्षीसारख्या या साऱ्या खऱ्याच गोष्टी. आणि त्यांची बेरीज कोणी तपासत नाही.

देवाच्या पालखीत आपण चांदीचा मुखवटा ठेवतो. तो मुखवटा आहे हे प्रत्येक भाविक जाणतो, आणि जाणूनच नमस्कार करतो. त्यात फसवणूक नाही. माणसांच्या बाबतीत मात्र आपण उलटे वागतो. लोकांनी चढविलेला मुखवटा हाच त्याचा चेहरा समजतो आणि त्यावरून निवाडा करतो. न्यायालयात निदान आरोपीला वकील मिळतो. आपल्या राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदाने तो हक्कच दिला आहे. समाजाच्या न्यायसभेत मात्र चारुदत्ताप्रमाणे आरोपी एकटा असतो.

या नगरीने वकील पुष्कळ पाहिले. मुसी नदीच्या काठी १९२० साली उच्च न्यायालयाची जी भव्य इमारत उघडली, तिच्यात निजामी राजवटीत उर्दूतून युक्तिवाद करणारे आणि संध्याकाळी मराठी सभांतून बोलणारे विधिज्ञ होऊन गेले. केशवराव कोरटकर हे त्यांपैकी अग्रगण्य. वकिलीत नाव मिळवून ते हैदराबादच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, आणि मराठी समाजाच्या शिक्षणासाठी झालेल्या विवेकवर्धिनीच्या कार्यातही त्यांचा मोठा वाटा होता. कोर्टात एक भाषा, घरात दुसरी, आणि दोन्हींत आपला विवेक एकच ठेवणे, ही त्या पिढीची साधना होती. वकिली म्हणजे पैशासाठी असत्याची बाजू घेणे, असे जे सवंग मत आपल्यात पसरलेले आहे, त्यास या पिढीचे जीवन हे उत्तर आहे. प्रश्न विचारणे हे असत्याची बाजू घेणे नव्हे. सत्याला कोणाच्या तरी घाईपासून वाचविणे आहे.

गार्डनर यांची ही कादंबरी थोर साहित्यकृती नाही. तिची भाषा साधी, पात्रे उसनी, उत्तरार्ध समुद्राला विसरलेला, आणि तिच्या नायकाची कसोटी पुरती न लागलेली. दोन रात्रींत वाचून होते. तथापि ती वाचल्यावर शूद्रकाचा नववा अंक पुन्हा काढून वाचावा, अशी विनंती वाचकांस करावीशी वाटते. दोन्ही वाचून झाली म्हणजे पुढच्या वेळी सभामंडपाच्या पायरीवर कोणाविषयी कुजबूज कानी आली, तर निदान एक प्रश्न सहज तोंडी येईल : हे आपण स्वतः पाहिले काय? तेवढा एक प्रश्न जिच्यामुळे तोंडी आला, ती रहस्यकथा उशीखालून काढून कपाटात ठेवण्यास हरकत नसावी.